माळरान आणि माळढोक

कमी पावसाच्या प्रदेशात हलक्या, मुरमाड जमिनीवर जे गवती माळ पसरलेले असतात, त्यांची गणना पुष्कळदा ‘पडीक’ जमिनीत केली जाते. ह्या एका शब्दाने माळाचे मोठे नुकसान झाले आहे. ज्या माळावर गावची गुरे व मेंढरे चरतात आणि ज्याच्या गवताची मुळे माती धरून ठेवतात, तो पडीक कसा म्हणावा? शिवाय ह्याच माळावर असे काही पक्षी राहतात की, त्यांना जगण्यास दुसरी जागाच नाही.

एकाच जागेशी बांधलेले पक्षी

कावळा, साळुंकी हे पक्षी गावात, शेतात, बागेत कोठेही राहतात व मिळेल ते खातात. जागा पालटली तरी त्यांचे अडत नाही. माळढोक, तणमोर, धाविक ह्या पक्ष्यांचे तसे नाही. त्यांची राहणी उघड्या माळाला जुळलेली आहे. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्यांना मोकळी जमीन लागते, तर लपण्यास व नाकतोडे, भुंगेरे मिळण्यास गवत लागते. असा पक्षी आपल्या जागेत सरस ठरतो. मात्र ती जागा गेली की तोही जातो.

माळढोक हे ह्याचे ठळक उदाहरण होय. उडणाऱ्या पक्ष्यांत तो अतिशय वजनदार असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते व सुमारे चार आठवडे ते उबवते. अंडे गुरांच्या पायाखाली सापडले किंवा कुत्र्याने खाल्ले, तर त्या विणीचे सर्व श्रम वाया जातात. ज्याची वीण इतकी थोडी, त्याची मोठी पाखरे दरवर्षी थोडी जरी मेली तरी ती तूट भरून निघत नाही.

घट कशी झाली?

१९६९ च्या सुमारास देशात १,२०० हून अधिक माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास हा आकडा दीडशेच्या आसपास आला, व त्यांतील बहुतेक राजस्थानात होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी केली. १९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेकडो गावे व खाजगी शेते आल्याने रहिवाशांची अडचण झाली, आणि पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तथापि, नान्नजसारख्या प्रसिद्ध ठिकाणीही आता हा पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो. केवळ कायदा व सीमा पुरेशा होत नाहीत, हाच ह्यातील धडा होय.

घटीची कारणे अनेक आहेत. पाणी आल्यावर माळ नांगरले गेले व ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस आला. कोठे माळावर ग्लिरिसिडिया व सुबाभळीची लागवड झाली. झाडे लावणे चांगले, परंतु उघड्या माळाच्या पक्ष्यास ती दाटी परकीच. कीटकनाशकांनी त्याचे अन्न घटविले. उच्च दाबाच्या विजेच्या तारा हे अलीकडचे मोठे संकट आहे. माळढोकाचे डोळे बाजूंना असल्याने त्यास समोरचे नीट दिसत नाही, व जड शरीरामुळे ऐन वेळी वळता येत नाही.

गावाने काय करावे?

१. चराऊ माळाचे भाग पाडून ते आळीपाळीने चारावेत. पावसाळ्यात निदान एक भाग पूर्ण बंद ठेवावा; हाच पुष्कळ पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो.

२. मारवेलसारखे गवत फुलोऱ्यावर कापल्यास वैरण सकस मिळते. परंतु काही पट्टे बी गळेपर्यंत राखावेत. कापणी मधून कडेकडे करावी, म्हणजे पिलांना निसटता येते.

३. माळ जाळू नये. चांगल्या गवती माळावर वृक्षलागवडीचे खड्डे घेऊ नयेत. त्यासाठी गावठाण, रस्त्याच्या कडा व ओढ्याकाठ योजावे.

४. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावा. अंडे आढळल्यास त्यास हात न लावता दूर व्हावे व वनरक्षकास कळवावे.

५. माळावरून नवी वीजवाहिनी जाणार असल्यास ग्रामसभेने भूमिगत तारेचा आग्रह धरावा. निदान तारांवर पक्ष्यांना दिसणारी चकत्यांची खूण लावण्यास सांगावे.

ह्या उपायांनी माळढोक लगेच परतेल असे मानू नये. परंतु राखलेल्या माळावर गुरांना वैरण मिळेल, माती टिकेल, आणि चंडोल, लावा ह्यांसारखे माळाचे इतर पक्षी तरी टिकून राहतील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावच्या नकाशावर असा एक तरी माळ दाखवून घ्यावा व ‘पडीक’ हा शब्द खोडून तेथे ‘गवताचे रान’ असे लिहावे. राखणीचा आरंभ तेथूनच होतो.