जहाजाचे सांडपाणी आणि आपली नदी

बालमित्रांनो, तुम्ही मोठे जहाज पाहिले आहे का? मीही पाहिले नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यात समुद्र कुठला! पण मुंबईच्या बंदरात मोठमोठी प्रवासी जहाजे येतात. एकेका जहाजात हजारो माणसे राहतात. म्हणजे ते पाण्यावर तरंगणारे गावच. माणसे आली की संडास, मोरी, स्वयंपाकघर आले. मग एवढी घाण जाते कुठे?

त्यासाठी अनेक देशांनी मिळून एक करार केला आहे. त्याचे नाव मार्पोल. तो १९७३ साली झाला व १९७८ साली त्यात भर घातली. संडासाच्या पाण्याचा नियम २००३ पासून लागू झाला. तो असा आहे : घाण बारीक करून, जंतू मारून सोडायची असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपेक्षा दूर जावे. तशीच सोडायची असेल तर १२ सागरी मैलांपेक्षा दूर जावे. १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. तीही एकदम ओतायची नाही. जहाज चालू ठेवून हळूहळू सोडायची. नाहीतर जहाजावरच पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवावे. बंदरात अधिकारी जहाजाचे दाखले तपासतात. मात्र आंघोळीच्या व भांड्यांच्या पाण्याला हा नियम लागू नाही. ही त्यातली उणीव आहे.

आता आपल्याकडे पाहू. नाग नदी नागपूर शहरातून वाहते. तिच्यात शहराचे सांडपाणी येते. पुढे ती कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. तिथपर्यंत गोसीखुर्द धरणाचे पाणी पसरले आहे. म्हणजे शहराच्या मोरीतले पाणी फिरत फिरत धरणात जाते.

घाण पाण्यात काय होते? पाण्यातले सूक्ष्म जंतू घाण खातात. तेव्हा ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण जास्त झाली की प्राणवायू कमी पडतो आणि मासोळ्या मरतात. घाणीच्या खताने जलपर्णी माजते. ढिवर बांधवांची जाळी त्यात अडकतात. माझी आजी म्हणते, "पह्यले आमी नदीचंच पानी प्याचो. आता बैलही तोंड लावत नाही."

आपल्या देशातही कायदा आहे. १९७४ साली जल प्रदूषणाचा कायदा झाला. नदीत घाण सोडू नये, असे त्यात सांगितले आहे. आपल्या राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. नागपूरला भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. तेथे आधी जाळीने कचरा अडवतात. मग गाळ खाली बसू देतात. मग हवा देऊन जंतूंकडून घाण खाऊ घालतात. शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देतात. तेवढे चांगले पाणी पिण्यासाठी वाचते. जितके जास्त पाणी असे शुद्ध होईल, तितकी नदी सुधारेल.

मला एक गोष्ट समजली. जहाज २२ किलोमीटर दूर जाऊ शकते. नदीत तसे दूर जाता येत नाही. आपल्या गावापासून दूर गेले की पुढचे गाव जवळ येते. आपण जे सोडतो ते खालचे लोक वापरतात.

म्हणून आपणही लहानसा नियम पाळू. घरची मोरी नाल्यात सोडू नये. विहिरीपासून दूर शोषखड्डा करावा. खाली मोठे दगड, त्यावर लहान दगड, वर रेती घालावी. पाणी जमिनीत मुरते, डबके होत नाही, मच्छर होत नाहीत. परसबागेत केळ किंवा अळू लावले तरी चालते.

पालकांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते ते एकदा पाहा.

— इयत्ता चौथी