उन्हाळ्यातील लोणी

प्रश्न : घुसळून काढलेले लोणी वैशाखात दोन दिवसांत खवट होते. उपाय काय? (एक वाचक भगिनी, वेल्हे)

उत्तर : लोण्यात शेकडा 16 भाग, घरच्यात किंचित अधिकच, पाणी असते; परंतु नासाडीचा खरा गुन्हेगार त्यात दडलेला ताकाचा अंश असल्यामुळे, धुवण नितळ निघेपर्यंत लोणी गार पाण्याने धुऊन, मडक्यात पाण्याखाली बुडवून, भोवती ओले फडके गुंडाळून ते अंधाऱ्या, वाऱ्याच्या जागी ठेवावे, आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदलण्यात कसूर करू नये. भोर-वेल्ह्याच्या कोरड्या वैशाखात बाष्पीभवन शीघ्र होत असल्याने ही युक्ती साधते. आषाढात ती निरुपयोगी. मिठानेही लोणी टिकते, पण भाकरीवर आम्हांस अळणीच रुचते! तथापि दोन-तीन दिवसांपलीकडे मुदतवाढ न मागता ते कढवावे. जलांश उडालेले तूप महिनोन्महिने टिकते.