माल विकणाऱ्याची नोकरी: आपल्या भागात पोरांना संधी किती?

निकाल लागले की फवारणीपेक्षा एकाच प्रश्नाचे फोन जास्त येतात, "मॅडम, पोराला पुढं काय करायला लावू?" म्हणून आज खता-औषधाचा सल्ला नाही. आज धडा आहे शेतमालाच्या घाऊक आणि किरकोळ विक्रीतल्या मॅनेजरच्या नोकरीचा. शेवटपर्यंत वाचा, कारण पाचवा मुद्दा तुमच्या-आमच्या मालाचा आहे.

*१) हे काम वाढलं कसं?*
बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर घरचेच लोक आणि जुने दिवाणजी काम बघतात. बाहेरच्या पोराला तिथं वर चढायला वाव कमी. पण २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यानंतर आवाराबाहेर थेट खरेदी करणं सोपं झालं. जिथं थेट खरेदी, तिथं प्रतवारी, काटा, साठा, गाडी आणि पैसे सांभाळणारा पगारी माणूस लागतोच.

*२) नाशिक भागात जागा कुठे निघतात?*
▪️ मोठ्या दुकानसाखळ्यांची कलेक्शन सेंटर: खरेदी सहायक, पुढे सेंटर मॅनेजर.
▪️ दिंडोरी-निफाड पट्ट्यातली द्राक्षाची पॅकहाऊस: काम दांडगं, पण भर जानेवारी ते एप्रिल. बाकीचे महिने काय करणार, हे आधी विचारा.
▪️ लासलगाव, पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे खळे: प्रतवारी, भरणी, गाडी लावणं. शिकायला उत्तम जागा.
▪️ शहरातली सुपरमार्केट: फळं-भाजी विभाग. रविवार आणि सणवारीच सर्वात जास्त काम, हे घरी सगळ्यांना माहीत असू द्या.
▪️ शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे आपल्यासारख्या.

*३) शिक्षण किती लागतं?*
केंद्र सरकारने २०२० मध्ये १०,००० एफपीओंची योजना आणली. तिच्या नियमात मॅनेजरसाठी कृषी, कृषी विपणन, कृषी व्यवसाय व्यवस्थापन किंवा बीबीए अशी पदवी धरली आहे. पण त्याच भागातला बारावी आणि शक्यतो कृषी पदविका झालेला उमेदवारही चालतो. हिशेबनीसाला बारावीपर्यंत गणित किंवा वाणिज्य पुरतं. म्हणजे गावातल्या पोरांना, आणि पोरींनाही, दार उघडं आहे. नोकरी करता करता पदवी घ्यायची तर आपल्या नाशिकचंच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

कुणी "आधी पैसे भरा, मॅनेजरची नोकरी पक्की" असं म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. या धंद्यात कुणी थेट खुर्चीवर बसत नाही. सुरुवात क्रेट मोजण्यापासूनच होते.

*४) पोराची परीक्षा घरीच घ्या*
टोमॅटोचे १०० क्रेट, प्रत्येकी २० किलो, म्हणजे २,००० किलो माल आहे. कलेक्शन सेंटर १८ रुपये देतं, पण १२ टक्के माल बाजूला काढतं. तो काढलेला माल ६ रुपयांनी जातो. मार्केटात सरसकट १७ रुपये भाव आहे. माल कुठं न्यायचा?

सेंटर: १,७६० किलो × १८ = ३१,६८० रुपये. बाजूला काढलेला २४० किलो × ६ = १,४४० रुपये. एकूण ३३,१२०.
मार्केट: २,००० × १७ = ३४,०००.

भाव १८ चा दिसला तरी मार्केट ८८० रुपयांनी पुढे. आता दोन्हीकडचं भाडं आणि हमाली वजा करून बघा, कदाचित उत्तर फिरेल. गाडी भरायच्या आत फोनवर हे गणित करून सांगतो तो मॅनेजर. नुसता भाव सांगणारे तर ग्रुपवर शंभर आहेत.

*५) आपल्या कंपनीतली नोकरी कशावर उभी आहे?*
या योजनेत मॅनेजरच्या पगारासाठी महिना २५,००० पर्यंत आणि हिशेबनीसासाठी १०,००० पर्यंत मदत मिळते. व्यवस्थापन खर्चाची एकूण मदत जास्तीत जास्त १८ लाख, तीही तीन वर्षांसाठी. पुढे काय?

हिशोब साधा आहे. दोघांचे मिळून महिना ३५,००० म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. बाकी सगळा खर्च जाऊन कंपनीला किलोमागे ५० पैसे सुटले, तर ८४० टन माल कंपनीतून जायला हवा. म्हणजे २० किलोचे ४२ हजार क्रेट. ३०० सभासद असतील तर प्रत्येकी वर्षाला १४० क्रेट.

हे अवघड नाही. पण चांगला माल व्यापाऱ्याला आणि उरलासुरला कंपनीला, असं झालं तर ५० पैसेही सुटत नाहीत. अनुदान संपलं की मॅनेजर जातो. मग पाठोपाठ खरेदीदारही तुटतो, कारण त्याची ओळख कंपनीच्या पाटीशी नसते, रोज फोन उचलणाऱ्या माणसाशी असते. पोराला पुण्या-मुंबईला पाठवायचं नसेल, तर इथली जागा आपल्याच क्रेटनी टिकवावी लागेल.

*आता काय करायचं?*
✅ मुलगा-मुलगी बारावी, पदविका किंवा बी.कॉम. असेल तर या संदेशाला उत्तर म्हणून नाव, गाव, शिक्षण पाठवा.
✅ टोमॅटोच्या हंगामात त्यांना पंधरा दिवस आपल्या संकलन केंद्रावर काटा, प्रतवारी आणि पावती शिकवू. फी नाही, पगारही नाही. सकाळी सहाला हजर राहावं लागेल.
✅ तुमचे यंदाचे किती क्रेट कंपनीला येतील, तो आकडाही सोबत लिहा.

गटातल्या सभासदांना पुढे पाठवा.
— तुमची कृषी सल्लागार