दुकानाच्या छपरावरून गाडीचे चार्जिंग : हिशेब आधी, पाटी नंतर

बाभुळगाव, कळंब, नेर, धामणगाव या बाजारांतून कापडाचे गठ्ठे फिरविणाऱ्यांना डिझेलचा खर्च काय असतो, हे सांगावयास नको. बॅटरीवर चालणारी मालवाहू तीनचाकी आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. त्याबरोबर एक प्रश्न व्यापारी बंधू वारंवार विचारतात. छपरावर सोलर बसवून गाडी फुकटात चालविता येईल काय? आणि लगे हात चार्जिंग स्टेशनची पाटी लावून चार पैसे मिळविता येतील काय? आम्ही या धंद्यात थोडे हात पोळून घेतले आहेत, म्हणून लिहीत आहोत.

प्रथम माप. एक किलोवॅट सोलरला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि आपल्या विदर्भात त्यापासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. उन्हाळ्यात थोडी अधिक, श्रावणातल्या झडीत निम्म्याच्या आसपास. लिथियम बॅटरीच्या मालवाहू तीनचाकीला एका पूर्ण चार्जिंगला मीटरवर नऊ युनिट धरावेत. भरल्या मालाने ती ऐंशी किलोमीटर चालली तर समाधान मानावे. कंपनीच्या कागदावरचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो.

आता पैसा. डिझेल गाडी लिटरला २५ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये, असे धरू. ऐंशी किलोमीटरला २८८ रुपये झाले. तीच फेरी विजेवर, युनिट १० रुपये धरले तर, ९० रुपयांत होते. म्हणजे १९८ रुपये वाचले ते सोलरमुळे नव्हे, डिझेल सोडल्यामुळे. सोलर फक्त उरलेले ९० रुपये वाचविणार. विकणारा माणूस ही दोन्ही बचत एकत्र करून सांगतो, तेथे सावध राहावे.

समजा, कोणी एका गाडीसाठी पाच किलोवॅटचा संच बसविला आणि तीन लाख रुपये लागले. वर्षातून ३०० दिवस गाडी चालली तर वीज लागली २,७०० युनिट, बचत २७,००० रुपये. मुद्दल फिटावयास अकरा वर्षे. तोच संच दुकानाचे दिवे, पंखे, शिलाई यंत्रे यांनाही लावला आणि वर्षाचे साडेसहा हजार युनिट कामी आले, तर बचत ६५,००० रुपये. पाच वर्षांच्या आत रक्कम वसूल. नाहीतर गाडीच्या मापाचा अडीच किलोवॅटचाच संच घ्यावा. गिऱ्हाइकाचे माप न घेता कापड फाडणारा शिंपी कोणी पाहिला आहे काय?

खरी अडचण निराळीच आहे. ऊन असते तेव्हा गाडी बाजारात असते आणि गाडी घरी येते तेव्हा ऊन नसते. यावर नेट मीटरचा तोडगा आहे. दिवसाची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि नंतर आपल्या खात्यात वळती होते. परंतु दिवसाचे युनिट रात्रीच्या वापरात कसे वळते करतात, हे जोडणीच्या प्रकारावर अवलंबून आहे. ते कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. साधा ऑन-ग्रिड संच गावची लाइट गेली की आपणही बंद पडतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी तशी रचना असते. लाइट नसतानाही चालवावयाचे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि वेगळी बॅटरी हवी, आणि खर्च बराच वाढतो.

आमची स्वतःची चूक सांगतो. स्वस्त मिळाली म्हणून आम्ही शिसे-आम्लाच्या बॅटरीची गाडी घेतली. रात्री व्होल्टेज कमी, चार्जिंग अर्धवट, आणि सकाळी चालक तशीच बाजाराला नेई. पार थंड होईस्तोवर चालवी. डिस्टिल्ड वॉटर भरण्याची कोणाला आठवण नाही. तेराव्या महिन्यात चारही बॅटऱ्या बसल्या. विक्रेत्याने देखभालीची नोंद मागितली. ती आमच्याकडे नव्हती, त्यामुळे हमी गेली. वर्षभराची डिझेलची बचत त्यात बुडाली. आता गाडी दुपारी दुकानी असली की तासभर तरी लावतोच, आणि वहीत तारीख लिहितो.

राहिली पाटी. चार्जिंग स्टेशनला परवाना लागत नाही. ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्र सरकारने २०१८ सालीच स्पष्ट केले. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत अशा स्टेशनांना वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचविला आहे. म्हणजे उन्हाच्या वेळी गाड्या लावून घेण्यातच फायदा. परंतु मोटारगाडी एका वेळी तीस युनिट घेते. रोज पाच मोटारी म्हटल्या तर १५० युनिट, म्हणजे जवळपास चाळीस किलोवॅट आणि चार हजार चौरस फूट जागा. तो धंदा शेजारच्या धामणगाव तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर शोभेल. आमच्या सहाशे फुटांच्या छपरावर नव्हे. तालुक्याच्या गावी स्कूटर आणि रिक्षा हेच गिऱ्हाईक. स्कूटरला तीन-चार युनिट पुरतात आणि साधा १६ अँपिअरचा प्लग चालतो.

बाहेरच्या गरीब देशांतही हाच अनुभव आहे. रवांडात मोटारसायकल टॅक्सीवाले चार्जिंगसाठी थांबत नाहीत, रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेतात. केनियात बरीचशी वीज जमिनीखालच्या वाफेची, म्हणून तेथे रात्रीचे चार्जिंगही स्वच्छ. आपल्याकडे रात्रीच्या विजेत कोळशाचाच वाटा मोठा, आणि कोळशाच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात वणीला आहेत.

घराच्या छतासाठी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, दुकानाला नाही. ज्यांचे दुकान खाली आणि घर वर आहे, त्यांनी घराचे मीटर वेगळे आहे की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे. आणि जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी हंगामात दर आठवड्याला पॅनेल पाण्याने धुवावे. सरकीची धूळ आणि कापसाचे तंतू बसले की वीज घटते, आणि खालून पाहणाऱ्यास काही कळत नाही.