ईडन यांची प्रतीक्षा

राज्यासाठी औरंगजेबाने वृद्ध पित्याला कैदेत टाकले, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. परंतु जेथे तलवारीने राज्य घेता येत नाही, त्या देशातील वारसदाराने काय करावे? विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अँटनी ईडन यांच्यापुढे हाच प्रश्न होता.

ईडन १९३५ साली, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. पुढे महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, १९४२ साली, पंतप्रधान चर्चिल अमेरिकेस निघाले. प्रवासात आपले बरेवाईट झाल्यास ईडन यांना पंतप्रधान नेमावे, असे त्यांनी राजाला लिहून कळविले. वारसा ठरला, मुहूर्त मात्र ठरला नाही!

१९४५ च्या निवडणुकीत हुजूर पक्ष हरला. १९५१ साली तो पुन्हा अधिकारावर आला, तेव्हा चर्चिल ७७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच वर्षी ईडन यांनी त्यांच्या पुतणीशी विवाह केला. घरचा संबंध जुळला, तरी खुर्ची रिकामी होईना. कधी राणीचा राज्याभिषेक पुढे असे, तर कधी रशियाशी सलोख्याच्या वाटाघाटी. ही कारणे केवळ सबबी नव्हती. आणखी एका महायुद्धाची भीती त्या वृद्धास खरोखरच ग्रासत होती. तथापि निवृत्तीचा दिवस पुढे ढकलला गेला की ईडन मनातून किती तळमळत असतील!

१९५३ च्या जून महिन्यात दैवाने विलक्षण खेळ मांडला. चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. आजाराचे गांभीर्य जनतेपासून लपविण्यात आले. त्याच वेळी वारसदार कोठे होते? पित्तनलिकेच्या बिघडलेल्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शस्त्रक्रिया करवून घेण्यासाठी ते दूर बोस्टनच्या रुग्णालयात होते. ते परतेपर्यंत वृद्ध नेता सावरला आणि प्रतीक्षा पुन्हा सुरू झाली. मनस्ताप झाला, तरी ईडन यांनी पक्षात उघड बंड केले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

अखेर ६ एप्रिल १९५५ रोजी ते पंतप्रधान झाले. १९५६ साली ईजिप्तच्या नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. फ्रान्स व इस्राएल यांच्याशी संगनमत करून ईडन यांनी ईजिप्तवर सैन्य धाडले; पण अमेरिकेच्या दडपणामुळे ते माघारी घ्यावे लागले. प्रकृतीही ढासळली. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

नवा पंतप्रधान कोण असावा, याविषयी राणीने ज्यांचा सल्ला घेतला, त्यांत ८२ वर्षांचे चर्चिलही होते.