आखाती व्हिसा: कफील, हुद्दा आणि एजंटाचा कागद

परदेशी कामगाराचा व्हिसा निघतो तो मालकाच्या गरजेवर. देशात योग्य माणूस मिळत नाही, असे मालक आपल्या सरकारला सांगतो आणि बाहेरून माणसे आणण्याची परवानगी घेतो. जगभरचे बहुतेक कामगार-व्हिसे याच पायावर उभे आहेत. अमेरिकेत शेतमजुरांसाठी एच-२ए व्हिसा मागणाऱ्या शेतमालकाला आधी स्थानिक मजुरांसाठी जाहिरात द्यावी लागते. कतार आणि अमिरातीत मूळ नागरिक एकूण लोकसंख्येच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच आहेत आणि त्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे असतो. बांधकाम, ट्रक, घरकाम, जनावरे राखणे या कामांना माणूस बाहेरूनच येतो. सौदी अरेबियात २०११ पासून ‘निताकात’ ही पद्धत आहे. कंपनीने किती सौदी नागरिक नेमले, यावर तिला बाहेरची माणसे आणण्याची सवलत कमी-जास्त मिळते. मालकाच्या हाती असलेल्या या परवानगीला बाजारात किंमत येते, आणि बीदर-कलबुर्गीकडच्या माणसाची फसवणूक बहुधा तिथूनच सुरू होते.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतून आखातात जाण्याची वाट हैदराबादेवरून किंवा मुंबईवरून जाते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले, तरी कामासाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी हैदराबाद गाठण्याची सवय मोडली नाही. मराठी, कन्नड, दखनी अशा तीनही भाषा बोलणारा इथला तरुण एजंटाच्या कचेरीत परका नसतो. शिवाय गावातला मध्यस्थ बहुतेक वेळा नात्यातला, ओळखीतला किंवा स्वतः सौदीहून परतलेला असतो. त्याच्यावरच्या विश्वासापोटी पैसे हातात दिले जातात आणि पावती मागायला संकोच वाटतो. कायद्याच्या नजरेत मात्र अशा उपएजंटाला काहीच स्थान नाही. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या एजंटालाच आहे. तो नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. भिंतीवर टांगलेली परवान्याची चौकट पाहून भागत नाही, कारण परवाना रद्द झाला तरी चौकट तशीच लटकत राहते.

सर्वांत महाग पडणारा प्रकार म्हणजे ‘आझाद व्हिसा’. नाव ऐकून वाटते की कुठेही काम करायची मोकळीक. असा कोणताही व्हिसा कोणत्याही आखाती देशाच्या कायद्यात नाही. ज्याच्याकडे परवानगी आहे पण काम नाही, असा कफील, म्हणजे हमीदार मालक, आपल्या नावावरचा व्हिसा विकतो. तो दोन-तीन हातांतून फिरून गावापर्यंत येतो आणि प्रत्येक हात आपला वाटा घेतो. माणूस तिथे पोचल्यावर कफील सांगतो, काम तुझे तू शोध आणि दर महिन्याला किंवा इकामा (तिथला राहण्याचा परवाना) नवा करताना मला इतके दे. दुसऱ्याकडे काम करणे तिथे गुन्हा असल्याने पगार बुडाला तरी कामगार न्यायालयात जायची सोय राहत नाही. कफिलाची मर्जी फिरली, तर तो ‘हुरूब’ लावतो, म्हणजे माणूस पळून गेल्याची नोंद करतो. मग इकामा निकामी होतो आणि पुढे कोठडी व परत पाठवणी ठरलेली. सौदी कामगार कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे भरतीचा खर्च, इकाम्याचे शुल्क आणि काम संपल्यावर परतीचे तिकीट हे सारे मालकाने सोसायचे असते. आझाद व्हिसावर गेलेला माणूस हाच खर्च आपल्या खिशातून करतो, आणि बहुधा व्याजाने काढलेल्या पैशांतून.

कफिलाइतकाच महत्त्वाचा असतो व्हिसावर लिहिलेला हुद्दा. गावाकडे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ‘ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर’ असे एजंट म्हणतो. पण कंपनीचा चालक आणि घरचा चालक यांत कायद्याने मोठे अंतर आहे. सौदी अरेबियाने १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांना काही अटींवर मालक बदलण्याची व मालकाच्या संमतीवाचून देशाबाहेर जाण्याची मुभा दिली. घरचे चालक, घरकामगार, शेतमजूर, मेंढपाळ आणि माळी यांना त्यातून वगळले. कुवेतमध्ये खासगी कंपनीचा व्हिसा १८ क्रमांकाचा आणि घरकामाचा २० क्रमांकाचा. एरवी विसावरून अठरावर जाता येत नाही. २०२४च्या जुलै ते सप्टेंबरात सरकारने अशी बदली खुली केली, तीही जुन्या मालकाची संमती असेल तरच. ज्या कामाला माणूस मिळत नाही म्हणून मालक सर्वाधिक ओरड करतात, त्याच कामात माणसाला सर्वांत कमी संरक्षण आहे. ही अवस्था अन्यायाची आहे आणि ती ओळखूनच निर्णय घ्यायला हवा. व्हिसा अरबीत असतो. एजंटाने सांगितलेल्या अर्थावर न थांबता अरबी जाणणाऱ्या त्रयस्थाकडून, गावातल्या मौलवींकडून किंवा मदरशातल्या शिक्षकांकडून हुद्दा आणि कफिलाचे नाव वाचून घ्यावे.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे उत्प्रवास मंजुरी आवश्यक, असा शेरा येतो. सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिरात, बहरीन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा माणसाला उत्प्रवास संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे नुसता अडथळा, असे एजंट भासवतात. खरे तर तिच्यामुळेच मालकाची नोंद, किमान पगार आणि करार तपासला जातो. एजंटाचे शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच असू शकते. लाखाच्या वर मागणी आली की तिथेच थांबावे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पक्का करू’ हा सल्ला मंजुरी चुकवण्यासाठीच असतो. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० हवे आणि तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. खासगी एजंट तिला व्हिजिट व्हिसावर नेऊ पाहत असेल, तर ती नोकरी नव्हे.

दहावी झालेल्यांना आणि यादीबाहेरच्या देशांत जाणाऱ्यांना ही मंजुरी लागत नाही, म्हणून त्यांनी जास्त सावध राहायचे. रशिया त्या १८ देशांत नाही. २०२३च्या अखेरीस कलबुर्गी जिल्ह्यातल्या तीन तरुणांना रखवालदार किंवा मदतनीसाचे काम म्हणून तिथे नेले गेले. रशियन भाषेतल्या करारावर सह्या घेतल्या आणि त्यांना युक्रेनच्या युद्धात ढकलले. तशाच जाळ्यातून गेलेला गुजरातचा एक तरुण फेब्रुवारी २०२४ मध्ये मारला गेला. मार्चमध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला आणि सप्टेंबरात हे तिघे तेलंगणातल्या एका सोबत्याबरोबर हैदराबादला उतरले. वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कराराचे भाषांतर मागणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ते मिळत नसेल तर सही करू नये.

निघण्यापूर्वी करार, व्हिसा, पासपोर्ट आणि पैसे दिल्याचे पुरावे यांची एक प्रत घरी आणि एक मोबाइलमध्ये असावी. रक्कम शक्यतो बँकेतूनच द्यावी. तिथे पोचल्यावर दुसरा, कमी पगाराचा करार पुढे केला जातो. तेव्हा पहिला करार हाताशी असेल तरच वकिलातीत बाजू मांडता येते. पासपोर्ट काढून घेणे आखाती देशांतही बेकायदा आहे.

उत्प्रवास मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपयांत अपघाती मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. त्यांत आळंद तालुक्यातला एक चालकही होता. विम्याचा कागद म्हणूनच घरच्यांच्या हाती असावा. पगार थकला, मारहाण झाली किंवा संपर्क तुटला, तर घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० या क्रमांकावर बोलावे आणि उत्प्रवास संरक्षकाच्या बेंगळूरू कार्यालयाला लिहावे. एजंटाविरुद्धची फिर्याद स्थानिक पोलीस ठाण्यातही देता येते. तीत एजंटाचा नोंदणी क्रमांक, रक्कम दिल्याची तारीख आणि व्हिसावरचे कफिलाचे नाव लिहिलेले असावे.