पैसा कुणाच्या नावावर?

अगं, स्टायपेंड किती हे सगळेच विचारतात. तू आधी विचार, पैसा कुणाच्या नावावर आहे. कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये पीएचडी करायची म्हणतेस ना, मग पुढची पाच वर्षं कशी जातील ते बरंचसं यावरच ठरतं.

नेट देऊन मिळवलेली जेआरएफ तुझ्या नावावर. २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी एसआरएफ झालीस की ४२, घरभाडं वेगळं. गेटवर आयआयटीत शिरलीस तर संस्थेची असिस्टंटशिप, बदल्यात पोरांच्या वह्या तपासायच्या. प्रोजेक्टचा पैसा मात्र गाइडच्या नावावर, आणि प्रोजेक्ट बहुतेक वेळा तुझ्या आधी संपतो. माझा चौथ्या वर्षी संपला. आठ महिने मेसचं बिल दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी भरलं, अजून ऐकवतो! म्हणून मुलाखतीत बेलाशक विचार, "सर, प्रोजेक्ट संपल्यावर काय?" यावर चिडणाऱ्या गाइडकडे जाऊच नकोस.

जर्मनीत पीएचडी ही नोकरीच असते. जाहिरातीत 'ई-१३, ६५ टक्के' दिसलं, तर त्या वेतनश्रेणीचा पगार ६५ टक्के. काम किती टक्के ते तिथल्या पोरांना विचार. युरोपच्या मेरी क्युरी जागांना एक पाचर आहे: जागा ज्या देशात, तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. जर्मनीत एमएस केलंस की लगेच जर्मनीतली जागा गेली, नेदरलँड्समधली चालेल. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची याच विषयातली फेलोशिप १९९१ पासून आहे, पण ती तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांनाच. तिच्यावर एक संध्याकाळही घालवू नकोस.

पैशाइतकाच मशीनचा वेळ बघ. बेंगळुरूच्या आयआयएससीत परम प्रवेग आहे, ३.३ पेटाफ्लॉप्सचं, पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म. नावं भारदस्त, पण तुझ्या वाट्याला किती येणार? हे गाइडला नको, चहाच्या टपरीवर एखाद्या सीनियरला विचार : जॉब लावला की क्यूत किती पडून राहतो? "शुक्रवारी लावतो, सोमवारी सुरू झाला तर नशीब," असं म्हणाला तर काय ते समज.

आणि गाइडला पाठवायची मेल. तिच्यातलं 'मी अत्यंत मेहनती आहे' हे खोडून टाक. ओपनफोममध्ये पाइपच्या वळणातला प्रवाह सोडवलास ना? जाळी दुप्पट बारीक केल्यावर प्रेशर ड्रॉप किती हलला, एवढं दोन ओळींत लिही. बराच हलला असेल तर तसंच लिही, लपवू नकोस; मुलाखतीत नेमकं तेच उकरतात. कोडची लिंक दे, पण आधी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून बघ.

हो, आणि 'डिअर सर' लिहिण्याआधी त्या बाई तर नाहीत ना, ते बघून घे.